सेकंड हँड गाडीतला कंपनीचा सीडी प्लेअर: कुठली फाइल वाजते, कुठली नाही (ठाणे)

खाली बरंच लिहिलंय, सगळं वाचायला वेळ नसेल तर आधीच सांगून टाकतो, प्लेअर चांगला आहे, आवाज मस्त आहे, काढून टाकायची अजिबात घाई करू नका. ५ पैकी ४ स्टार. एक स्टार कापला तो डिस्प्लेसाठी आणि मॅन्युअलमध्ये अर्धवट माहिती दिलीय त्यासाठी.

गाडी २०११ ची हॅचबॅक, ठाण्यातच घेतली, आधीच्या मालकाने नीट ठेवलेली. डॅशबोर्डमध्ये कंपनीचाच सिस्टम आहे, म्हणजे एफएम, सीडी, पुढे एक यूएसबी आणि एक ऑक्सचं भोक, ब्लूटूथ नाही. सीडी जिथून आत जाते त्या फटीच्या वर बारीक अक्षरात एमपीथ्री आणि डब्ल्यूएमए (गाण्यांच्या फाइलींचे दोन प्रकार) असं छापलंय आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण लोकांना वाटतं एमपीथ्री लिहिलंय ना, मग गाण्याची कुठलीही फाइल टाका, वाजणार. तसं नसतं आणि मग वाजलं नाही की दोष प्लेअरला.

घोडबंदर रोडला एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात सीट कव्हर बघायला थांबलो होतो, तिथला मुलगा गाडीत बसला आणि म्हणाला "सर हा काढून टाका, सीडी आता कोण वापरतं, नऊ इंचाचा अँड्रॉइड लावून देतो, रिव्हर्स कॅमेरा पण येईल." मी म्हटलं अरे पण हा चालतोय की. त्याने ड्रॉवरमधून त्याची एक सीडी आणली, आत टाकली, प्लेअरने दोनदा आतल्या आत घरघर केलं, एरर दाखवला आणि डिस्क बाहेर ढकलली. "बघा सर, लेन्स गेली." मी डिस्क हातात घेऊन बघितली तर तिच्यावर सीडी-आरडब्ल्यू लिहिलेलं. म्हणजे पुन्हा पुन्हा पुसून लिहिता येते ती. आता ही डिस्क जुन्या प्लेअरला वाचता येत नाही यात लेन्सचा काय दोष? छापील सीडी (दुकानात गाणी भरूनच मिळणारी) आणि साधी सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) लेझरचा साधारण ६५-७० टक्के प्रकाश परत पाठवते, आरडब्ल्यू फक्त १५ ते २५ टक्के, एवढ्या कमी उजेडावर वाचायची ताकद प्रत्येक प्लेअरमध्ये दिलेली नसते. त्याला मी माझ्याकडची साधी सीडी लावून दाखवली, लगेच वाजली. तरी तो म्हणतो "सर आज वाजली, उद्या बंद पडेल." मी सीट कव्हर न घेताच निघालो. त्या मुलाचा राग नाही आला, त्याला कोणी शिकवलंच नसेल, पण अशा सल्ल्यावर किती जणांनी चांगले चालणारे प्लेअर भंगारात घातले असतील याचं खरंच वाईट वाटतं. आणि कंपनीचा सिस्टम काढला की तिथे वेगळी फ्रेम लावावी लागते, वायरिंगचा सॉकेट जुळवावा लागतो, नाही जुळला तर हे लोक सरळ ओरिजिनल वायर कापतात, स्टेअरिंगवरची आवाजाची बटणं चालतीलच याची खात्री नाही. ते सगळं करायच्या आधी अर्धा तास लॅपटॉपवर बसून फाइली नीट केल्या तर काम होतं, म्हणून हा रिव्ह्यू.

तर पहिली गोष्ट डिस्कची. साधी सीडी-आर घ्या, ७०० एमबीची. डीव्हीडी टाकू नका, ती बाहेरून सारखीच दिसते पण सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीला लागतो ६५० चा, त्यामुळे फक्त सीडीवाल्या प्लेअरला डीव्हीडी कधीच दिसणार नाही, कितीही पुसा. कागदी स्टिकर चिकटवू नका, आमच्या ओळखीत एकाच्या गाडीत स्टिकर गरमीने सुटला आणि डिस्क आतच अडकली, फटीतून आत ओढून घेणाऱ्या प्लेअरमध्ये हा धोका जास्तच. नाव लिहायचं तर सीडी मार्कर मिळतो त्याने लिहा, बॉलपेन नको, कारण सीडीवरचा डेटाचा थर लेबलच्या बाजूलाच असतो, वरून ओरखडा गेला तर खालच्या ओरखड्यापेक्षा जास्त नुकसान होतं. खालची बाजू जपतात सगळे, वरची कोणी जपत नाही.

आता राइट कशी करायची. विंडोजवर कोरी सीडी घातली की एक खिडकी येते, त्यात विचारतात ही डिस्क यूएसबी पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. बहुतेक जण पहिलंच दाबतात कारण सोपं वाटतं, फाइली ओढून टाकल्या की झालं. पण त्याने डिस्क यूडीएफ नावाच्या पद्धतीने लिहिली जाते आणि गाडीतले जुने प्लेअर सहसा आयएसओ ९६६० आणि जोलिएट या दोन जुन्या पद्धतीच वाचतात. कॉम्प्युटरवर डिस्क व्यवस्थित उघडते, सगळी गाणी दिसतात, गाडीत मात्र रिकामी. माझ्या बघण्यात जेवढे लोक "सीडी वाजत नाही" म्हणून आले त्यातल्या बऱ्याच जणांचं कारण हेच निघालं. दुसरा पर्याय निवडा, मास्टर्ड म्हणतात त्याला, किंवा इमगबर्न, सीडीबर्नर एक्सपी असली फुकटची सॉफ्टवेअर आहेत त्यात आयएसओ अधिक जोलिएट निवडा आणि शेवटी डिस्क फायनलाइज करा म्हणजे बंद करा. उघडी ठेवली की पुढच्या वेळी आणखी गाणी घालता येतील हे खरं, पण उघड्या डिस्क बऱ्याच प्लेअरला वाचता येत नाहीत आणि काही प्लेअर नंतर घातलेली गाणी दाखवतच नाहीत, फक्त पहिल्यांदा लिहिलेली वाजवतात. वीस रुपयांच्या आसपासच्या डिस्कसाठी एवढी काटकसर नको.

स्पीडबद्दल लोक विचारतात. मी मध्यम स्पीडला राइट करतो, ५२ एक्सला नाही. सगळ्यात कमी स्पीड म्हणजे सगळ्यात चांगलं असंही नसतं कारण आताच्या कोऱ्या डिस्क फार हळू लिहिण्यासाठी बनवलेल्या नाहीत, १६ किंवा २४ ला माझ्याकडे छान येतात.

आता मुख्य विषय, फाइली. सीडीचे दोन प्रकार होतात हे आधी डोक्यात पक्कं करा. एक ऑडिओ सीडी, दुकानात मिळायची तीच, १९८० मध्ये फिलिप्स आणि सोनीने ठरवलेलं माप, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, जास्तीत जास्त ८० मिनिटं. यात फाइल नसतेच, ट्रॅक असतात, त्यामुळे सुसंगत-विसंगत हा प्रश्नच येत नाही, तुमच्याकडची फाइल फ्लॅक प्रकारची असो, एएसी असो, काहीही असो, ऑडिओ सीडी बनवताना सॉफ्टवेअर ते सगळं उलगडून एकाच मापात लिहितं आणि कुठल्याही सीडी प्लेअरला वाजतं. दुसरी डेटा सीडी, जिच्यात फाइली जशाच्या तशा असतात आणि प्लेअरला त्या स्वतः उलगडाव्या लागतात. उलगडायची चिप त्याच्यात जी बसवलीय तेवढंच त्याला येतं, नंतर शिकवता येत नाही. फोनला अपडेट येतं, याला नाही.

माझ्या प्लेअरला एमपीथ्री आणि डब्ल्यूएमए येतं. एएसी म्हणजे एमफोरए येत नाही. फ्लॅक नाही, ऑग नाही, ओपस नाही, वेव्ह फाइलही डेटा सीडीवर घेत नाही. आता बघा लोकांकडे फोनमध्ये काय असतं. आयफोनवर रेकॉर्ड केलेलं एमफोरए. व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट ओपस. युट्यूबवरून कोणीतरी उतरवून दिलेलं एमफोरए किंवा ओपस. म्हणजे ज्या फाइली घरोघरी आहेत त्यातल्या अर्ध्याअधिक २०११ च्या प्लेअरला माहीतच नाहीत. आणि गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये "डाउनलोड" केलेली गाणी म्हणत असाल तर त्या फाइली कुलूपबंद असतात, त्या अ‍ॅपच्या बाहेर चालत नाहीत, सीडीवर घालून काही होणार नाही.

आणि कृपा करून नाव बदलू नका. एमफोरएच्या फाइलच्या नावातला टिंबापुढचा भाग खोडून तिथे एमपीथ्री लिहिलं की ती एमपीथ्री होत नाही, आतला माल तोच राहतो, उलट प्लेअर तिला एमपीथ्री समजून वाजवायला जातो आणि अडकतो नाहीतर कर्रर्र असा आवाज येतो, स्पीकरला पण वाईट. नीट कन्व्हर्ट करा. व्हीएलसीमध्ये होतं, फूबार२००० मध्ये होतं, फ्रीएसी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात अख्खा फोल्डर टाकला की सगळ्या फाइली एकदम होतात. ऑनलाइन कन्व्हर्टरच्या वेबसाइटवर जाऊ नका, जाहिराती आणि नको त्या गोष्टी गळ्यात पडतात.

बिटरेट, म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला किती किलोबिट (केबीपीएस) वापरायचे ते, १९२ ठेवा, कॉन्स्टंट म्हणजे गाणंभर एकसारखा. व्हेरिएबल म्हणजे कमीजास्त होणारा ठेवला तर माझा प्लेअर वाजवतो पण वेळ चुकीची दाखवतो, चार मिनिटांच्या गाण्याला कधी नऊ मिनिटं कधी दोन, आणि पुढे ढकलायला गेलं तर भलतीकडेच जातं. ३२० ठेवायला हरकत नाही पण जुन्या १२८ च्या फाइलला ३२० करून काही मिळत नाही, गेलेलं परत येत नाही, नुसती जागा खाते. ७०० एमबीच्या डिस्कवर १२८ ला साधारण साडेबारा तास बसतात, १९२ ला साडेआठ, ३२० ला पाचच्या आसपास. १९२ ला पाच मिनिटांची शंभरेक गाणी धरा. वर्तकनगरहून ऐरोलीला ऑफिसला जाताना कळवा नाक्यापासून विटाव्याच्या रेल्वे पुलापर्यंत जी रांग लागते तिच्यात रोज बसणाऱ्याला एक डिस्क आठवडाभर आरामात पुरते.

आता माझ्या आईची गोष्ट लिहितो कारण ही अडचण कुठेच नीट समजावलेली सापडली नाही मला. आईकडे कीर्तनं आणि प्रवचनं आहेत, कित्येक वर्षांची, मंडळातल्या कोणीकोणी दिलेली, सगळी एमपीथ्री. कॉम्प्युटरवर वाजतात, फोनवर वाजतात. सीडी बनवली, आयएसओ, फायनलाइज, सगळं व्यवस्थित, तरी गाडीत निम्म्या फाइली वाजल्या आणि निम्म्या तो उडी मारून पुढे. आई मागच्या सीटवरून म्हणते "अरे बुवांचं अर्धंच कीर्तन लागलं, पूर्वरंगानंतर एकदम आरतीच." मला पण कळेना, एमपीथ्रीच आहे मग अडचण काय? मग मीडियाइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे त्यात फाइली उघडून बघितल्या तर उडी मारलेल्या सगळ्या फाइली २२.०५ किलोहर्ट्झच्या (याला सॅम्पल रेट म्हणतात, सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद होते ते), मोनो, ३२ किंवा ४८ केबीपीएस. पूर्वी बोलण्याचं रेकॉर्डिंग असंच करायचे, जागा वाचायची, डायलअपवर लवकर उतरायचं. पण एमपीथ्रीमध्येच दोन घराणी आहेत म्हणा, ३२, ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झ हे एमपेग-१ मध्ये येतं आणि १६, २२.०५, २४ हे एमपेग-२ मध्ये. फाइलचं नाव दोघांचं एमपीथ्रीच. माझ्या प्लेअरला फक्त पहिलं घराणं येतं. मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ असती तर किती बरं झालं असतं, नुसतं "एमपीथ्री सपोर्ट" लिहून सोडलंय. सगळ्या फाइली ४४.१ आणि ९६ केबीपीएसला कन्व्हर्ट केल्या, मोनोच ठेवल्या कारण माणसाच्या बोलण्याला स्टिरिओ कशाला पाहिजे, आणि आता आईचं सलग कीर्तन लागतं, पूर्वरंग, मध्यंतराचा अभंग, उत्तररंग सगळं. आळंदीला जाताना ती लोणावळा येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, ऐकत होती. या एका गोष्टीसाठी मी या प्लेअरला चार स्टार आनंदाने देतो.

तुमच्याकडे पण जुनी प्रवचनं, व्याख्यानं, आजोबांच्या आवाजातलं काही असेल आणि ते वाजत नसेल तर आधी सॅम्पल रेट बघा. नव्वद टक्के लोक बिटरेट बघतात आणि सॅम्पल रेट बघतच नाहीत असं माझं मत झालंय.

नावांचा विषय. इथे माझा एक स्टार गेला. देवनागरीत नाव असलेली फाइल हा प्लेअर वाजवतो पण डिस्प्लेवर नुसत्या रेघा किंवा रिकामी जागा. आत जी माहिती असते, गाण्याचं नाव, गायकाचं नाव, ज्याला आयडीथ्री टॅग म्हणतात, ती देवनागरीत असेल तर तीच गत. आपल्याच देशात विकलेली गाडी आणि आपली लिपी दाखवता येत नाही हे मला पटत नाही, २०११ मध्ये फोनवर मराठी दिसायला लागलं होतं, गाडीवाल्यांना जमलं नसतं असं नाही. असो. इलाज म्हणजे इंग्रजी लिपीत नावं द्यायची. एमपीथ्रीटॅग नावाचं सॉफ्टवेअर आहे त्यात एकदम शंभर फाइलींचं करता येतं, टॅग २.३ या आवृत्तीत सेव्ह करा, २.४ जुन्या प्लेअरला बऱ्याचदा समजत नाही. आत चिकटवलेले मोठे मोठे फोटो असतात कव्हरचे, तेही काढून टाका, या प्लेअरला ते दाखवता तर येत नाहीतच, उलट गाणं सुरू व्हायच्या आधी दोन-तीन सेकंद अडखळतो.

क्रम कसा लागतो हे पण सांगतो कारण यावर घरात भांडणं होतात. सीडीवर फाइली नावाच्या क्रमाने असतात, आयएसओ ९६६० मध्ये यादी नावाप्रमाणे लावावीच लागते, त्यामुळे तुम्ही कुठल्या क्रमाने घातल्या याला अर्थ नाही. १, २, ३ असे आकडे दिले तर १ नंतर १० येतो, म्हणून ०१, ०२ असे द्या, शंभरच्या वर असतील तर ००१. पेनड्राइव्हचं बरोबर उलटं. तिथे नाव नाही, ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजतात, निदान या प्लेअरमध्ये तरी. त्यामुळे तोच फोल्डर सीडीवर सरळ वाजतो आणि पेनड्राइव्हवर उलटसुलट, आणि माणूस म्हणतो प्लेअर बिघडला.

फोल्डरच्या आत फोल्डरच्या आत फोल्डर करू नका. माझ्या मॅन्युअलप्रमाणे ९९ फोल्डर आणि ८ पातळ्या चालतात पण गाडी चालवताना कोण शोधणार आहे, एकच पातळी ठेवा, एक फोल्डर अभंग, एक नाट्यगीतं, एक जुनी हिंदी, एक मुलांची बडबडगीतं, संपलं. फोल्डर बदलायचं बटण एकच आहे, दाबलं की पुढचा, त्यामुळे पाच-सहाच्या वर फोल्डर केले तर सिग्नलला सुद्धा सापडत नाही.

पेनड्राइव्हचं थोडक्यात. तो फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो, एनटीएफएस आणि एक्सफॅट घेत नाही. ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह बाजारातून आणला तर तो बहुधा एक्सफॅटमध्येच येतो, म्हणून वाजत नाही. ८ किंवा १६ जीबीचा जुना घरात पडलेला असेल तो वापरा, त्याच्यात नाहीतरी हजार-दोन हजार गाणी बसतात.

मग सीडीच कशाला, पेनड्राइव्हच वापरा की, असं कोणीही म्हणेल. मी दोन्ही वापरतो. पण सीडीची एक गोष्ट मला खरंच आवडते, डिस्क म्हणजे एक ठरवलेला कार्यक्रम, सहा-सात तासांचा, मन लावून निवडलेला, आणि गाडी चालवताना त्याच्यात ढवळाढवळ होत नाही. बायकोने गोव्याच्या प्रवासासाठी एक डिस्क केली होती, पहाटे पनवेल सोडताना भूपाळ्या, मग महाड-पोलादपूरपर्यंत भावगीतं, पुढे घाट सुरू झाला की लता-आशा-किशोर, कणकवलीच्या जेवणानंतर झोप येऊ नये म्हणून लावण्या. हे पेनड्राइव्हवर करता येत नाही असं नाही, पण कोणी करत नाही, नुसतं सगळं भरून टाकतात आणि मग दर गाण्याला पुढे ढकल, पुढे ढकल.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. एमपीथ्रीमध्ये दोन फाइलींच्या मध्ये हा प्लेअर बारीकसा थांबतो, सेकंदभर. सुगम संगीतात कळतही नाही. पण मैफिलीचं रेकॉर्डिंग असेल, विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर, तर समेवर येता येता तोडल्यासारखं होतं, जिवाला लागतं ते. तिथे ऑडिओ सीडीच करा, राइट करताना डिस्क अ‍ॅट वन्स (म्हणजे अख्खी डिस्क एका दमात लिहायची) निवडा आणि दोन ट्रॅकमधली गॅप शून्य करा. ८० मिनिटंच बसतील पण एक राग नीट ऐकायचा तर तेवढी वेळ भरपूर झाली. तुमच्याकडे त्या मैफिलीची फ्लॅक फाइल असेल तर उत्तमच, फ्लॅकमधून ऑडिओ सीडी केली की काहीच हरवत नाही, फ्लॅक १६ बिट ४४.१ ची असली पाहिजे एवढंच.

खड्ड्यांचं पण सांगतो, घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना हा प्रश्न पडणारच. मानपाडा ते गायमुख पावसाळ्यात काय अवस्था असते माहीत आहे. तिथे ऑडिओ सीडी एखाद-दुसऱ्या वेळी अडखळते, एमपीथ्रीची डेटा सीडी जवळजवळ कधीच नाही. ऑडिओ सीडीला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात आणि १२८ च्या एमपीथ्रीला त्याच्या अकराव्या भागाइतकेच, त्यामुळे प्लेअर पुढचं बरंच वाचून साठवून ठेवतो आणि खड्ड्यात लेन्स हलली तरी गाणं चालू राहतं.

आवाजाबद्दल. कंपनीचे चार स्पीकर आहेत, बास फार नाही पण मधला आवाज, म्हणजे माणसाचा गळा, फार स्वच्छ. सिगारेट लायटरमध्ये लावायचा एफएम ट्रान्समीटर मित्राने दिला होता वापरून बघायला, त्याच्याशी तर तुलनाच नको. मुंबई-ठाण्यात एफएमचा पट्टा इतका भरलेला आहे, ९१.१, ९३.५, ९८.३ सगळीकडे स्टेशनं, की मधे कुठे तरी जागा शोधावी लागते आणि मुलुंड ओलांडून तीन हात नाक्याला आलं की त्याच जागी खरखर. त्याच पैशात ऑक्सची चांगली केबल येते, फोन त्याने लावा. सीडीचा आवाज या सगळ्यापेक्षा वरचढ, त्यात मला काडीची शंका नाही.

कोऱ्या सीडी कुठे मिळतात हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. ठाणे स्टेशन आणि गोखले रोडच्या परिसरात जुनी कॉम्प्युटरची, झेरॉक्सची दुकानं आहेत तिथे विचारा, सगळ्यांकडे नाही पण मिळतात. मला नौपाड्यात एका काकांकडे मिळाल्या, झेरॉक्स-लॅमिनेशनचं छोटं दुकान, काकांनी वरच्या कप्प्यातून पन्नासचा गोल डबा काढला, रुमालाने धूळ पुसली आणि स्वतःच म्हणाले "दादा, आधी दोन घेऊन जा, गाडीत लावून बघा, चालल्या तर डबा घ्या." असा दुकानदार आजकाल कुठे भेटतो. काका राइट पण करून देतात, पेनड्राइव्ह घेऊन जायचा, दहा मिनिटं थांबायचं, आणि त्यांना न सांगता ते फायनलाइज करतात. फक्त त्यांना सांगावं लागतं की डेटा सीडी हवी की ऑडिओ, नाहीतर ते ऑडिओ करून देतात आणि ८० मिनिटांत मावत नाही म्हणून गाणी कमी होतात. घरीच करायचं असेल तर लॅपटॉपला आता ड्राइव्ह येत नाही, बाहेरून लावायचा यूएसबी रायटर हजार-दीड हजारात मिळतो, माझा त्यातलाच आहे, काही तक्रार नाही. लॅपटॉपच्या यूएसबीला थेट लावा, हबमधून लावला तर करंट कमी पडून अर्ध्यात राइट फसते.

उन्हाळ्यात डिस्क डॅशबोर्डवर ठेवू नका. सीडी-आरमध्ये जो रंगाचा थर असतो तो उन्हाने उतरतो, आणि बंद गाडीत डिस्क वाकडीही होते, वाकडी डिस्क आत अडकली तर मग खरंच प्लेअर उघडावा लागेल. ग्लव्ह बॉक्समध्ये कापडी पाकीट ठेवा.

शेवटचं, कोणी सेकंड हँड गाडी बघायला जाणार असेल आणि तिच्यात असाच सीडी प्लेअर असेल तर एक टेस्ट डिस्क करून सोबत न्या. साधी सीडी-आर, मास्टर्ड, फायनलाइज केलेली. पहिल्या फोल्डरमध्ये तेच एक गाणं १२८, १९२ आणि ३२० ला, एक व्हेरिएबलमध्ये. दुसऱ्यात एक २२.०५ ची बोलण्याची फाइल, एक ४८ किलोहर्ट्झची. तिसऱ्यात एक एमफोरए आणि एक डब्ल्यूएमए. चौथ्यात एक फाइल देवनागरी नावाची आणि एक इंग्रजी लिपीतल्या नावाची. मालकाशी बोलता बोलता पाच मिनिटांत कळतं काय वाजतं काय नाही, आणि काही वाजलं नाही तर किंमत पाडायच्या आधी त्याच्याकडची एखादी छापील ऑडिओ सीडी लावून बघा, ती वाजली तर लेन्स ठीक आहे.